चारशे बारा खड्डे

कचेरीत सगळे त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे खड्डेमावशी. पाठीमागे म्हणजे फार लांब नव्हे. पाण्याच्या यंत्रापाशी उभं राहून कुणी म्हणायचं, "विचार की खड्डेमावशींना," आणि तीन टेबलांपलीकडे बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणायच्या, "विचार, विचार. कान शाबूत आहेत माझे."

कंपनी शेअर बाजाराचे चार्ट दाखवणारं सॉफ्टवेअर बनवायची. चार्टवर एका दिवसाची एक उभी रेघ; तिला सगळे दांडी म्हणत. दांडीचं वरचं टोक म्हणजे त्या दिवसाचा सगळ्यांत चढा भाव, खालचं टोक म्हणजे सगळ्यांत उतरलेला. डाव्या अंगाला छोटा आडवा काटा, तो बाजार उघडतानाचा भाव. उजव्या अंगाला तसाच दुसरा, तो बंद होतानाचा. एका दांडीला चार आकडे. आजचे आकडे तारेवरून आपोआप येत, त्यांचं कुणाला काही वाटत नसे. मावशींच्या ताब्यात होते ते मागचे. एखाद्या कंपनीने एका शेअरचे दहा केले की भाव एका दिवसात दहाव्या हिश्शावर येई. मग तिच्या जुन्या सगळ्या दांड्या दहाने भागायच्या, नाहीतर पाहणाऱ्याला वाटे कंपनी कड्यावरून कोसळली. कुणी नाव बदललं की जुन्या नावाच्या दांड्या नव्या नावाला जोडून द्यायच्या, माहेरचं सामान सासरी पोचवावं तशा. हे काम मावशी एकतीस वर्षं करत होत्या.

सुरुवात झाली ती टायपिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन. तेव्हा थोरले साहेब हयात होते आणि कंपनी म्हणजे दोन खोल्या, दोन संगणक आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बाजाराच्या पुरवणीत बारीक अक्षरांत छापलेले भाव एकेक करून संगणकात घालायचे. सव्वीस वर्षांच्या मावशींनी दोन वर्षांत सहा वर्षांची वर्तमानपत्रं संपवली. मध्ये एकदा वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि एक गठ्ठा भिजला. पानं एकमेकांना चिकटली, सोडवताना फाटली. कुठे एका कंपनीची ओळ वाचता आली, कुठे नाही. हिशेब केला तेव्हा चारशे बारा दांड्या गेल्या होत्या. थोरले साहेब म्हणाले होते, "राहू दे रिकाम्या. पुढेमागे मिळतील." मावशींनी राहू दिल्या.

तेव्हापासून त्या कंपन्यांच्या चार्टवर जुन्या भागात मधेच मोकळी जागा दिसायची. कचेरीतले त्यांना खड्डे म्हणायचे. दर दोन-तीन वर्षांनी नवा कुणीतरी हुशार इंजिनिअर यायचा आणि सांगायचा, "मावशी, सोपं आहे. आदल्या दिवशीचा बंद भाव खालच्या रिकाम्या घरांत तसाच ओढायचा. एका कळीचं काम." मावशी विचारायच्या, "त्या दिवशी तो भाव होता का?" "ते कोण बघायला जातंय?" "मी जातेय," मावशी म्हणायच्या, आणि विषय तिथेच थांबायचा.

यंदा मात्र तो थांबला नाही.

निवृत्त लोकांचे पैसे सांभाळणारी एक मोठी संस्था कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार झाली होती, दोनशे टेबलांसाठी. एवढं मोठं गिऱ्हाईक कंपनीने आजवर पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या कागदात अट होती: मुख्य वीस कंपन्यांचा पूर्ण इतिहास हवा, सहा आठवड्यांनी आमच्या तपासनीस बाई येऊन तो पडताळतील. ते चारशे बारा खड्डे नेमके त्याच वीस कंपन्यांत होते.

धाकट्या साहेबांनी मावशींना काचेच्या खोलीत बोलावलं. सध्याचा इंजिनिअर आधीच बसला होता. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा गृहस्थ.

"मावशी, बसा," साहेब म्हणाले. "तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून सरळच सांगतो. सहा आठवड्यांत खड्डे बंद झाले पाहिजेत. नाहीतर बाहेर भरलेला इतिहास तयार मिळतो. तो आणायचा, आणि तुमची फाइल काढून तिच्या जागी लावायचा."

"तयार म्हणजे कसा भरलेला?"

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आदल्या दिवशीचा भाव खाली ओढून," तो म्हणाला.

"आणि माझी फाइल?"

"ठेवू की कुठेतरी," साहेब म्हणाले, आणि त्यांनाच ते बोलणं नीट वाटलं नसावं, कारण त्यांनी लगेच चहा मागवला.

मावशींनी चहा घेतला नाही. एकतीस वर्षांचं काम 'कुठेतरी' ठेवलं जाणार म्हटल्यावर घशाखाली काय उतरणार? घरी गेल्यावर नवऱ्याने चेहरा पाहूनच ओळखलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चूक शोधायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"काय झालं? ओढून आणलेला भाव का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, एकतीस वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी? या घरात मुलीच्या मार्कांपेक्षा बंद भावावर जास्त बोलणं झालंय."

मावशी हसल्या नाहीत. म्हणून मग तोही गंभीर झाला. "शोधलंस का पण सगळीकडे?"

शोधलं होतं. वाचनालयाने मुख्य अंक बांधून ठेवले होते, पण बाजाराची पुरवणी टाकून दिली होती. बाजाराच्या कचेरीतून उत्तर आलं होतं की इतकं जुनं त्यांच्या संगणकात नाही. वर्तमानपत्राच्या मालकांनी तर उत्तरच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी तक्रारींची वही उघडून बसल्या. काहीच सुचत नसलं की त्या तेच करायच्या. वहीत एक नाव वर्षातून दोनदा तरी यायचं. कचेरीत त्याला तक्रारकाका म्हणत. हा म्हातारा मुलाच्या संगणकावर कंपनीचे चार्ट बघायचा आणि फोन करून सांगायचा, "अमुक कंपनी, अमुक तारीख, वरचा भाव तुमच्याकडे पाव रुपया कमी आहे." लोक फोन कानापासून लांब धरून हसायचे. मावशी मात्र कपाटातून जुनं वर्तमानपत्र काढून बघायच्या, आणि दर वेळी काकांचंच बरोबर निघायचं. पानं उलटता उलटता मावशी थबकल्या. तीस वर्षांपूर्वीचा पाव रुपयाचा फरक माणसाला तोंडपाठ असतो होय? या माणसाकडे ते कुठेतरी लिहिलेलं असणार!

त्यांनी फोन लावला.

"काका, मी चार्टच्या कंपनीतून बोलतेय. तुमचं बरोबर निघतं ते कशावरून हो?"

म्हातारा म्हणाला, "एकोणीस वर्षांत हे विचारणारी तू पहिली. ये बघायला."

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. दार सुनेने उघडलं. "या ताई. बाबा सकाळपासून दाढी करून बसलेत. लग्नाला निघाल्यासारखे." आतून आवाज आला, "सूनबाई, पाहुण्यांना घरातल्या गोष्टी सांगू नयेत."

पलंगाखाली पत्र्याच्या नळकांड्या होत्या. एकेका नळकांडीत कागदाची भेंडोळी. काकांनी एक उलगडलं आणि मावशी त्याच्यापुढे खालीच बसल्या. बारीक चौकटींचा ग्राफ पेपर, एकापुढे एक चिकटवून केलेली लांबच लांब पट्टी, आणि तिच्यावर टोकदार पेन्सिलने काढलेल्या दांड्या. वर, खाली, डावा काटा, उजवा काटा. एकही खाडाखोड नाही. काका विजेच्या सामानाच्या दुकानात विक्रेते होते. रोज संध्याकाळी घरी येऊन पुरवणी उघडायची आणि एकोणीस कंपन्यांच्या एकोणीस दांड्या काढायच्या, असं चाळीस वर्षं.

"केवढे शेअर घेतले असतील तुम्ही!" मावशी म्हणाल्या.

"एकही नाही."

"एकही नाही?"

"घेतला असता तर हात सरळ राहिला असता का? वर जावं असं वाटलं की पेन्सिल वर सरकते, बाई."

"पण मुख्य कंपन्या तर वीस. विसावी कुठेय?"

"ती पंखेवाली? तिचे पंखे आमच्या दुकानात आठवड्याला चार परत यायचे. म्हटलं, असल्या कंपनीसाठी पेन्सिल कोण झिजवणार! काढलीच नाही."

भेंडोळी घराबाहेर नेऊ द्यायला काका तयार नव्हते. "तू ये. खिडकीशी टेबल देतो. सकाळी ये, संध्याकाळी जा." साहेबांना सांगून मावशींनी तसंच ठरवलं. साहेबांनी खांदे उडवले. "पेन्सिलच्या रेघांवर दोनशे टेबलं?" ते म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

मावशींनाही नुसता विश्वास ठेवायचा नव्हता. त्यांनी इंजिनिअरला सांगितलं, "ज्या दांड्या आपल्याकडे आहेत, त्यातल्या दोनशे निवड. मला फक्त कंपनी आणि तारीख दे. आकडे तुझ्यापाशी ठेव. मी काकांच्या कागदावरून वाचून आणते, मग ताडून बघ. दोनशे जुळल्या तरच पुढे."

"आणि नाही जुळल्या तर?"

"तर तुझी एक कळ दाब."

त्या काळी भाव पाव-पाव रुपयाच्या पायरीने चालायचे आणि काकांनी एका लहान चौकटीला एक पाव असा हिशेब ठेवला होता. मावशींनी स्टीलची पट्टी घेतली, भिंग घेतलं, आणि तळाच्या रेघेपासून प्रत्येक टोक मोजायला सुरुवात केली. आठ दिवसांत दोनशे दांड्या वाचल्या. इंजिनिअरने ताडून पाहिलं. एकाहत्तर चुकीच्या!

आठ दिवस गेले ते गेले, वर हे. काकांना सांगितलं तर म्हातारा लालबुंद झाला. "माझा हात चुकला? एकाहत्तर वेळा? सूनबाई, चहा नको हिला!"

"बाबा, आणलाय मी," सून म्हणाली.

"मग राहू दे. पण साखर नको घालू."

बिनसाखरेचा चहा पीत मावशी त्या एकाहत्तर दांड्यांची यादी पुन्हा बघत राहिल्या. बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की कमी भावाच्या दांड्या सगळ्या बरोबर होत्या. भाव जसा चढे तशी चूक वाढे, आणि दर वेळी चूक एकाच बाजूला, खाली. हात चुकला असता तर कधी वर, कधी खाली चुकला असता. त्यांनी पट्टी उचलली आणि जिथे एकही दांडी नव्हती अशा कोऱ्या भागावर उभी ठेवली. वीस मोठ्या चौकटी. प्रत्येकी एक सेंटिमीटर. वीस भरायला हवे होते. भरले एकोणीस आणि आठ मिलिमीटर.

"काका," मावशी हळूच म्हणाल्या, "तुमचा हात चुकला नाही. कागद आखडलाय."

"आं?"

"इतक्या वर्षांत वाळून आखडलाय. माझी पट्टी कशी आखडेल? मी पट्टीने मोजत बसले, शहाणी! पण कागदाबरोबर चौकटीही आखडल्यात, आणि दांड्याही. चौकटी मोजायला हव्या होत्या. तुम्ही काढताना मोजल्यात तशा."

काकांनी कागदावरून हात फिरवला. "म्हणजे मीच आखडलो असं नाही तर," ते म्हणाले, आणि आतल्या बाजूला ओरडले, "सूनबाई, साखर आण!"

पट्टी पिशवीत गेली. मावशींनी भिंग डोळ्याला लावलं आणि चौकटी मोजायला लागल्या. पाच-पाचच्या गटाने, ओठ हलवत. चार दिवसांत दोनशे दांड्या पुन्हा वाचून झाल्या. इंजिनिअरने ताडून पाहिलं आणि खुर्चीतून उठून मावशींच्या टेबलापाशी आला. एकशे सत्त्याण्णव जुळल्या होत्या.

"तीनच चुकल्या, मावशी. म्हाताऱ्याने कमाल केली. तीन चुका माफ."

"माफ कशाला? बघू दे."

तिन्ही एकाच कंपनीच्या, लागोपाठच्या तीन दिवसांच्या. ते दिवस भिजलेल्या गठ्ठ्यातले नव्हते. ते वर्तमानपत्र कपाटात धड होतं. मावशींनी ते काढलं, पुरवणी पसरली, आणि त्यांचा चेहरा उतरला. काकांचे तिन्ही दिवस बरोबर होते. मावशींनी तीस वर्षांपूर्वी टाइप करताना वरच्या ओळीतल्या कंपनीचे भाव घातले होते. दोन्ही भाव जवळजवळचे, म्हणून इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नव्हती, काकांनाही नाही. काका कधी हा चार्ट, कधी तो, असे मधूनमधूनच ताडून बघायचे; हे तीन दिवस त्यांच्या नजरेखालून गेलेच नव्हते.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाल्या, "लोकांना सांगत फिरते की खोटी दांडी माझ्या फाइलीत नाही. पाव रुपया इकडेतिकडे चुकणं वेगळं, इथे दुसऱ्याच कंपनीच्या तीन होत्या. माझ्याच हातच्या."

"ओळ घसरली का?" नवऱ्याने विचारलं.

"वरची ओळ."

"छापखान्यात रोज घसरायची. म्हणून तर एकाचं दुसऱ्याने वाचायचं असतं. तुझं ओळीने वाचायला तीस वर्षं कुणी नव्हतं, आता मिळालं. रडतेस काय? उद्या दुरुस्त कर आणि खाली लिही, कुणी चुकवलं आणि कुणी शोधलं."

मावशींनी तसंच केलं. फाइलीत आकड्यांशेजारी टिपेची जागा असायची. तिथे त्यांनी लिहिलं: 'टाइप करताना माझी चूक. काकांच्या तक्त्यावरून सापडली, वर्तमानपत्रावरून खात्री केली.' इंजिनिअरने ते वाचलं आणि चष्मा पुसला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःहून काकांच्या घरी येऊ लागला. मावशी आकडे सांगायच्या, तो घालायचा, मग तो सांगायचा आणि मावशी भिंगातून पुन्हा बघायच्या. एकाचं दुसऱ्याने वाचायचं. पुढे ज्या कंपन्यांनी शेअर फोडले होते त्यांचे भाव भागून घ्यायचे, तेही दोघांनी दोनदा. काका पलंगावर उशीला टेकून पहारा देत. "एवढ्या जोरात भेंडोळं ओढू नकोस रे, इंजिनिअर. धोतराचा सोगा आहे का तो!"

साडेतीन आठवड्यांत चारशे एक खड्डे भरले. खरोखर भरले. ज्या चार्टमध्ये तीस वर्षं भगदाड होतं तिथे आता सलग दांड्या होत्या, चढणाऱ्या, पडणाऱ्या, एका दिवशी तर जिन्यावरून घरंगळल्यासारख्या खाली गेलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आलेल्या. असा दिवस कुणी ओढून आणलेल्या भावाने कधी दाखवला असता? मावशींनी शेवटच्या दिवशी तो चार्ट पुढे-मागे, पुढे-मागे सरकवून चार वेळा पाहिला.

उरले अकरा. सगळे पंखेवाल्या कंपनीचे.

साहेब भलतेच खूष होते. "मावशी, तुम्ही तर डोंगर हलवलात! अकराच ना? उद्या बाई येतायत. ते अकरा खाली ओढा आणि झोपा शांत."

"नाही साहेब."

"अहो, चारशे बारात अकरा!"

"म्हणूनच नको. अकरा खोट्या मिसळल्या की चारशे एकांवरही कुणी विश्वास ठेवू नये. वीस कंपन्यांचा पूर्ण इतिहास मागितलाय ना त्यांनी? मी स्वतः सांगेन, हे अकरा नाहीत म्हणून. गिऱ्हाईक गेलं तर माझ्यामुळे गेलं असं लिहून देते. पण त्या जागी 'माहिती नाही' एवढंच येईल."

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं, आता हा तरी समजावेल म्हणून. इंजिनिअर म्हणाला, "मी ओढणार नाही, साहेब. आणि ती कळ मी काढूनच टाकलीय." साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी म्हणाले, "माझ्या वडिलांनी तुम्हाला डोक्यावर चढवून ठेवलंय," आणि हसले. पण हसताना घाम पुसत होते.

तपासनीस बाई सकाळी दहाला आल्या. कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या, हातात चामड्याची जुनी पिशवी. काचेच्या खोलीत सगळी कचेरी दाटली होती. बाईंनी पिशवीतून कागद काढले. "आमच्या संस्थेने त्या काळात ज्या ज्या दिवशी खरेदी-विक्री केली, त्या दिवसांची बाजाराची छापील भावपत्रकं आमच्या दप्तरात आहेत. चाळीस दिवस निवडलेत. मी तारीख वाचते, तुम्ही पडद्यावर दाखवा."

त्या वाचत गेल्या. मावशी दाखवत गेल्या. बाई कागदाकडे बघत, पडद्याकडे बघत, पेन्सिलने खूण करत. दहा जुळल्या, वीस जुळल्या. पंचविसाव्याला मावशींच्या लक्षात आलं की हे दिवस सहज निवडलेले नाहीत. प्रत्येक दिवस भिजलेल्या गठ्ठ्यातला होता. कंपनीचे जुने चार्ट आधी बघून बाईंनी नेमक्या खड्ड्यांवर बोट ठेवलं होतं! तिसावी जुळली. पस्तिसावी, ती घरंगळलेली, चारही आकडे पावापर्यंत जुळले, तेव्हा दारात उभं असलेलं कुणीतरी न राहवून म्हणालं, "शाब्बास!" आणि साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. एकोणचाळीस झाल्या.

"चाळीस," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पंखेवाल्या कंपनीचं नाव घेतलं.

मावशींनी तारीख लावली. पडद्यावर दोन दांड्यांच्या मधे मोकळी जागा, आणि खाली लिहिलेलं: 'माहिती नाही.'

"हा नाही आमच्याकडे," मावशी म्हणाल्या. "असे अकरा आहेत. यादी देते. शोधले, मिळाले नाहीत."

बाईंनी हातातलं भावपत्रक मावशींपुढे सरकवलं. "तुमच्याआधी तिघांचा इतिहास तपासला. तिघांनीही बाहेरचा तोच तयार इतिहास लावून इथे सरळ रेघ दाखवली, आदल्या दिवसासारखी. हा शेअर त्या दिवशी एका दिवसात सव्वापट झाला होता. आमच्या संस्थेला त्याच दिवशी तो विकावा लागला, म्हणून मला पाठ आहे." मग त्यांनी पिशवीतून करार काढला, साहेबांकडे न बघता मावशींसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "इतिहास कोण सांभाळतं, तिथे सही लागते. पहिली तुमची."

कचेरीत एकच गलका उठला. साहेबांनी मावशींचा हात हातात घेतला आणि सोडायचं विसरले. मावशींनी सही केली, पेन खाली ठेवलं, पण त्यांचे डोळे समोरच्या पिवळ्या भावपत्रकावर खिळले होते.

"मी हे भरू का?" त्यांनी विचारलं.

"भरा की."

मावशींनी चार आकडे घातले. इंजिनिअरने ते मोठ्याने परत वाचले. मावशींनी टिपेत भावपत्रकाचा क्रमांक लिहिला आणि कळ दाबली. दोन ठेंगण्या दांड्यांच्या मधे एक उंच दांडी ताठ उभी राहिली, आणि साऱ्या खोलीने टाळ्या वाजवल्या.

"दहा राहिले," मावशी म्हणाल्या. मग खुर्ची तपासनीस बाईंच्या जवळ ओढून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्या दप्तरात आणखी काय काय आहे हो?"